पिकअपचे शॉकप घरच्या अंगणात बदलताना

आमचे शेत चोपडा तालुक्यात, बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आहे. केळीचे घड बागेतून निघाले की पक्क्या रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकपर्यंत ते आमच्याच पिकअपमधून जातात. ही दोन किलोमीटरची शिवारवाट पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी कापली जाते आणि दिवाळीपर्यंत तशीच वाळून दगडासारखी घट्ट होते. काळ्या मातीत एकदा चाकोरी पडली की ती पुढच्या पावसापर्यंत मिटत नाही. गेल्या नोव्हेंबरमध्ये कांदेबागाची, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीची, कापणी चालू असताना शेजारचे नाना बांधावर उभे राहून माझी गाडी येताना बराच वेळ पाहत होते. मी खाली उतरल्यावर ते एवढेच म्हणाले, "भाऊ, तुनी गाडी नाचस. शॉकप गयात." नानांनी आयुष्यभर बैलगाडी हाकली, पिकअपच्या स्टेअरिंगला कधी हात लावला नाही, तरीही चाक जमीन धरून चालले आहे की उड्या घेत चालले आहे, हे त्यांच्या नजरेने बरोबर टिपले.

गाडीच्या आत बसणाऱ्याला ही गोष्ट फार उशिरा कळते, कारण शॉक ॲब्सॉर्बर, ज्याला आपण सगळे शॉकप म्हणतो, तो एका दिवसात जात नाही. तो महिन्यामहिन्याने थोडा थोडा ढिला पडतो आणि तेवढ्याच सावकाशीने चालकाचे हातपायही त्याला सरावतात. खड्ड्याच्या आधी वेग जरा लवकर कमी करायचा, वळणावर स्टेअरिंग जरा घट्ट धरायचे, ब्रेकवर पाय जरा आधी ठेवायचा, हे सगळे आपण नकळत शिकतो आणि गाडी ठीक आहे असे समजत राहतो. नानांचे बोलणे ऐकल्यावर मला आधीच्या आठवड्यातला एक प्रसंग आठवला. व्यापाऱ्याचा माणूस ट्रकजवळ घड उलटून पाहत होता आणि फण्यांच्या बाहेरच्या बाजूला बोट फिरवून म्हणत होता की माल घासला आहे. कापताना हिरवीगार दिसणारी साल दुसऱ्या दिवशी ज्या जागी दाबली गेली त्या जागी काळी पडते, हे केळीवाल्याला सांगावे लागत नाही. मी तो दोष मजुरांच्या हाताळणीवर ढकलला होता आणि त्यांना दोन शब्द बोललोही होतो. प्रत्यक्षात ते घड माझ्या हौद्यात, पानांच्या गादीवर, दोन किलोमीटर एकमेकांवर आपटत आले होते. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचा आपल्याला अभिमान आहे. पण बागेतली केळी शेतापासून रस्त्यापर्यंत ज्या गाडीतून जाते, त्या गाडीच्या खाली वाकून पाहणारे आपल्यात फार थोडे आहेत.

शॉकपविषयी एक समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की आधी तीच दूर केली पाहिजे. शॉकप गाडीचे वजन उचलत नाही. वजन उचलतात ते पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांची चळत, आणि पुढच्या बाजूला स्प्रिंग असेल तर ती स्प्रिंग. चाक उंचवट्यावर चढले की पाटा दबतो, दबताना धक्क्याची शक्ती स्वतःत साठवतो, आणि उंचवटा संपला की ती परत देतो. त्याला आवरणारे काही नसेल तर तो एकदा परत देऊन थांबत नाही. वर, खाली, पुन्हा वर असे झोके घेत राहतो. पाळण्याला एकदा ढकलले की तो किती वेळ हलत राहतो ते आठवावे. शॉकपचे काम हे झोके मारून टाकण्याचे आहे. त्याच्या नळीत तेल असते आणि दांडीच्या टोकाला बारीक छिद्रांचा व झडपांचा पिस्टन असतो. चाक वरखाली झाले की पिस्टन तेलातून सरकतो, तेलाला त्या बारीक वाटांमधून जबरदस्तीने जावे लागते, आणि त्या ओढाताणीत झोक्याची शक्ती उष्णतेत बदलून नळीच्या पत्र्यातून हवेत निघून जाते. बहुतेक शॉकपमध्ये दांडी आत जाताना अडथळा कमी आणि बाहेर येताना जास्त ठेवलेला असतो, म्हणजे चाकाला उंचवट्यावर चढू द्यायचे, पण दबलेल्या पाट्याने उसळी घेऊन गाडीला वर फेकू द्यायचे नाही.

म्हणूनच शॉकप गेले की पुष्कळ लोक जो उपाय करतात तो मला सरळसरळ चुकीचा वाटतो. गाडी उड्या मारते म्हणून पाट्यात एक पाटा वाढवून घेतला जातो. पाटा वाढवल्याने गाडीची मागची बाजू उचलल्यासारखी दिसते, चालकाला समाधान वाटते. पण आता दबलेला पाटा पूर्वीपेक्षा जास्त जोराने परत फेकणार आणि त्याला आवरणारा शॉकप मात्र तोच मेलेला. भरलेल्या गाडीत हे थोडे झाकले जाते. रिकाम्या गाडीत ते उघडे पडते, कारण दीड टन माल धरण्यासाठी केलेले पाटे रिकाम्या हौद्याच्या वजनाने फारसे दबतच नाहीत, आणि खडबडीत रस्त्यावर मागचे चाक जमिनीवर कमी आणि हवेत जास्त राहते. जे चाक हवेत आहे त्याला ब्रेक लावून उपयोग काय? ते जागच्या जागी थांबेल, गाडी थांबणार नाही. माल खाली करून धानोऱ्याहून संध्याकाळी परतताना, पहिल्या पावसात ओल्या झालेल्या रस्त्यावर, माझ्या गाडीची मागची बाजू ब्रेक लावताच एका अंगाला सरकली होती, तेव्हा मी रस्त्याला दोष दिला होता. आज मला वाटते की तो दोष रस्त्याचा नव्हता, आणि समोरून कोणी येत नव्हते म्हणूनच मी हे लिहू शकतो आहे.

नानांच्या बोलण्यानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाडीखाली गेलो. लहान मोटारगाडीचे शॉकप तपासायला बॉनेटवर जोर देऊन सोडतात आणि गाडी किती वेळा हलते ते मोजतात. पिकअपच्या ताठ पाट्यांवर ही परीक्षा फारशी चालत नाही, माणसाच्या जोराने ते हलतच नाहीत. त्यापेक्षा डोळे आणि बोटे जास्त सांगतात. मागच्या डाव्या शॉकपची नळी वरपासून खालपर्यंत काळी आणि ओली होती. नुसता पुसट तेलकट थर असेल तर घाबरण्याचे कारण नसते, पण इथे तेलाने काळ्या मातीची धूळ ओढून घेऊन तिचा जाड लेप झाला होता, नखाने खरवडला तर पोपडा निघेल असा. हाच लेप पुढे घात करतो. दांडीवर चिकटलेली धूळ दर झोक्याला सीलच्या, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीच्या, तोंडाशी घासली जाते, पॉलिश पेपरप्रमाणे चमकदार दांडीला ओरखडते, ओरखड्यातून तेल आणखी बाहेर येते आणि आणखी धूळ धरते. उजव्या शॉकपला गळती नव्हती, परंतु त्याच्या खालच्या डोळ्यातले, म्हणजे टोकाच्या लोखंडी कडीतले, रबरी बुश अंड्यासारखे लांबट झाले होते आणि हाताने हलवले तर टकटक वाजत होते. मग टायरवर तळहात सावकाश फिरवला. मागच्या दोन्ही टायरांच्या कडेला ठरावीक अंतराने उंच-सखल चट्टे लागले, काही ठिकाणी वीतभर, काही ठिकाणी त्याहून कमी. टायरची हवा बरोबर असताना असे चट्टे पडले, तर चाक रस्त्यावर टेकत-उसळत चालले आहे असे समजावे. अर्थात बेअरिंग ढिले असले तरी असे होते, म्हणून चाक उचलून तेही हलवून पाहिले.

आणखी एक परीक्षा आहे, ती मला फार विश्वासाची वाटते. खडबडीत रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून आणावी आणि उतरल्याबरोबर चारही शॉकपच्या नळ्यांना हात लावून पाहावा. जो काम करतो आहे तो कोमट लागतो, कारण त्याने झोक्यांची उष्णता केली आहे. जो थंड आहे त्याने काहीच केलेले नाही. ही परीक्षा थंडीच्या सकाळीच करावी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या आसपास गेला की गाडीखालचा प्रत्येक लोखंडी तुकडा तापलेला असतो आणि हाताला काहीच फरक कळत नाही. सायलेन्सरच्या जवळच्या शॉकपवरही निकाल देऊ नये. माझ्या गाडीचा मागचा डावा शॉकप त्या सकाळी ओढ्यातल्या दगडासारखा थंड होता.

चारही बदलायचे ठरवले. एका धुरीवरचा (एक्सलवरचा) एकच शॉकप बदलणे मला मान्य नाही. एका बाजूला ताठ आणि दुसऱ्या बाजूला ढिला असला तर गाडी वळणावर आणि ब्रेकला एका अंगाने वागते. दुकानात जाताना मी गाडीचा नोंदणी क्रमांक, चेसिस क्रमांक आणि जुन्या शॉकपवरचा शक्य तेवढा वाचता येणारा क्रमांक लिहून नेला. नव्या मालाची बाटलीसारखी चमक पाहून घाई करू नये. पूर्ण ताणलेली लांबी, पूर्ण दाबलेली लांबी, डोळ्याच्या आतल्या नळीचा व्यास आणि रुंदी, या चार गोष्टी जुन्याशी जुळल्या पाहिजेत. शॉकप आखूड पडला तर चाक खाली लोंबताना तोच ताणून तुटतो; लांब पडला तर गाडी भरल्यावर पिस्टन तळाला आदळतो. गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॉकप बसवणारे मी पाहिले आहेत आणि त्यांच्या गाडीचे आदळणेही ऐकले आहे. पक्के बिल घेतले आणि नवे बुश, वायसर व नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) नट सोबत आहेत याची तिथेच खात्री केली, कारण नायलॉकचा नट एकदा काढला की पुन्हा तसाच धरत नाही.

आमच्या भागातल्या पिकअपचे बोल्ट इतरांपेक्षा जास्त गंजतात, असे माझे निरीक्षण आहे. ठिबकमधून सोडायची युरिया आणि पोटॅशची पोती याच हौद्यातून येतात, फाटक्या पोत्यातले दाणे फटींतून खाली चेसिसवर पडतात, दवाने ओलावतात आणि लोखंडाला लागतात. म्हणून कामाच्या दोन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी मी आठही जागांचे उघडे आटे तारेच्या ब्रशने घासून त्यांच्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले. आटे घासण्याचा कंटाळा करू नये. घाणीवर फिरवलेला नट पहिल्या तीन फेऱ्यांतच अडकतो. गॅसची ज्योत मात्र जवळ आणली नाही. शॉकपमध्ये तेल असते, पुष्कळशा नव्या शॉकपमध्ये दाबाखालचा नायट्रोजन वायू असतो, आणि बंद नळी तापवणे म्हणजे मृत्यूला हाक मारणे होय.

जागेविषयी मी आग्रही आहे. खळ्यातली जमीन कितीही चोपलेली असो, जॅकची बैठक तिच्यात रुतते. आमच्या घरासमोर सिमेंटचा कोबा आहे, तिथेच गाडी लावली, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, आणि ज्या टोकाला काम करायचे नव्हते त्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. माझा पुतण्या मदतीला होता. त्याला मी सुरुवातीलाच सांगितले, "बाळा, गाडी नुसत्या जॅकवर असताना हात जरी आत घालायचा असला तरी आधी घोडी लावायची." हायड्रॉलिक जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्याचे काम घोडीचे, म्हणजे लोखंडी टेकूचे; जॅकचे एक सील फाटले की दीड टनाची गाडी क्षणात खाली येते. घोड्या चेसिसखाली लावल्यावर गाडीला दोघांनी मिळून बाजूने ढकलून पाहिले, आणि ती हलली नाही तेव्हाच खाली सरकलो.

ही उचलण्याची तयारी पुढच्या शॉकपसाठी. मागच्या शॉकपसाठी खरे तर गाडी उचलण्याची गरजच नाही, आणि हे मला एका चुकीनंतर समजले. चार वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा मागचे शॉकप बदलले, तेव्हा ऐसपैस जागा मिळावी म्हणून गाडी चेसिसवर उंच उचलली, एक्सल खाली लोंबत ठेवला आणि तशाच अवस्थेत दोन्ही डोळ्यांचे नट पूर्ण जोराने आवळले. गाडी खाली घेतली, काम झाले म्हणून हात धुतले. तीन आठवड्यांत मागून करकर असा आवाज येऊ लागला आणि महिन्याभरात वरच्या बुशचे रबर चिरले. कारण साधे आहे. अशा डोळ्यातल्या बुशची आतली लोखंडी नळी नट आवळल्यावर चेसिसच्या पत्र्याशी पक्की होते, बाहेरची बाजू शॉकपबरोबर फिरते, आणि मधले रबर पिळ घेते. चाक लोंबत असताना नट आवळला तर रबराची शांत जागा ती ठरते. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचे पिळलेले राहते आणि वर रस्त्याचा पिळ वेगळा. नट गाडी स्वतःच्या चाकांवर, नेहमीच्या उंचीला उभी असताना आवळला की रबर दोन्ही बाजूंना सारखे फिरते आणि टिकते. त्या वेळी चिरलेले बुश मी एका गॅरेजमध्ये बदलून घेतले. तिथल्या कारागिरानेही पुन्हा गाडी उचलूनच नट आवळले आणि बाहेरचा मोठा वायसर बसवलाच नाही. यंदा उजव्या शॉकपचे बुश ज्या बाजूने सरकून बाहेर आले होते, ती बाजू बिनवायसरचीच होती.

या वेळी मागची चाके जमिनीवरच ठेवली. पिकअपखाली माणसाला आडवे सरकायला पुरेशी जागा असते. खालचा नट 19 च्या पान्याने सुटला, वरचा डावा मात्र हलेना. तिथे मी लांब पाईप घालून झटके दिले नाहीत, कारण गंजलेला बोल्ट झटक्याने सुटत नाही, तुटतो. आणि चेसिसला जोडलेला बोल्ट तुटला की घरचे काम संपून वेल्डिंगचे सुरू होते. त्याऐवजी नट थोडा आवळण्याच्या दिशेने ढकलला, कट् असा बारीक आवाज आला, मग सोडण्याच्या दिशेने पाव फेरी, पुन्हा तेल, पुन्हा थोडा मागे, असे करत वीस मिनिटांत तो निघाला. शॉकपचा डोळा खुंटीवर जाम झाला होता. तो काढताना नट आट्यांच्या टोकाशी सपाट येईल एवढा परत फिरवून ठेवावा आणि मध्ये लाकडाचा तुकडा धरून ठोकावे, म्हणजे घाव आट्यांवर बसत नाही.

जुना शॉकप हातात आला तेव्हा मी तो उभा धरून दांडी खाली दाबली. निम्म्या अंतरापर्यंत ती काहीही विरोध न करता, सायकलच्या फुटक्या पंपासारखी खाली गेली, मग थोडी अडली, आतून बुडबुड आवाज आला. वर ओढली तर तशीच सैल. नवा शॉकप शेजारी उभा केला आणि पुतण्याला दाबायला दिला. त्याला दोन्ही हातांनी अंग टाकून दाबावे लागले आणि वर येतानाही दांडी आपल्याच गतीने, न डगमगता आली. कितीही समजावून सांगितले असते तरी त्या मुलाला शॉकप म्हणजे काय हे इतके कळले नसते.

नवा शॉकप बसवण्यापूर्वी एक काम न चुकता करावे. दुकानात आणि वाहतुकीत शॉकप आडवे पडलेले असतात, त्यामुळे दुहेरी नळीच्या शॉकपमध्ये आतल्या तेलाच्या नळीत हवा शिरलेली असू शकते. तो ज्या बाजूने बसणार आहे तसाच उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ताणावा आणि पूर्ण दाबावा. पहिल्या दोन वेळा मध्येच एखादी पोकळ जागा लागते, नंतर ती नाहीशी होते. त्यानंतर तो बसेपर्यंत आडवा ठेवू नये. वायूचा दाब असलेला शॉकप दाबून पट्टीने बांधलेला येतो, त्याची पट्टी आधीच कापली तर तो आपोआप ताणतो आणि एकट्याला जागेवर बसवणे अवघड होते. म्हणून एक टोक बसवून मगच पट्टी कापली, तोंड बाजूला ठेवून. खुंट्या तारेच्या ब्रशने साफ करून त्यांच्या लोखंडावर ग्रीसचा अगदी पातळ हात दिला, रबराला मात्र ग्रीस, डिझेल किंवा जळके ऑईल लागू दिले नाही. करकर वाजते म्हणून बुशवर जळके ऑईल ओतण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्याने आवाज आठ दिवस बंद होतो आणि रबर फुगून मऊ पडते. बुश सरकवायला साबणाचे पाणी पुरते.

पुढची बाजू अधिक जपून करावी लागते. माझ्या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग आहे आणि शॉकप तिच्या पोटातून जातो. वर दांडीचे टोक रबरी गुटके आणि वाटीसारख्या वायसरांमधून बाहेर आलेले असते, खाली आडव्या पट्टीला दोन बोल्ट असतात. इथे गाडी उचलावी लागते, चाक काढावे लागते, आणि घोडी चेसिसखाली लावल्यावरही खालच्या आर्मखाली, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्याखाली, जॅक टेकवून थोडा ताण देऊन ठेवावा लागतो. दाबलेली स्प्रिंग आर्मला सतत खाली ढकलत असते आणि आर्मने किती खाली जायचे हे काही गाड्यांमध्ये शॉकपच ठरवतो. तो सुटला आणि आर्मला आधार नसला तर आर्म झटक्याने खाली येईल, आणि त्या वेळी बोटे कुठे असतील ते सांगता येत नाही. ज्या गाडीत शॉकप आणि स्प्रिंग एकाच जोडीत बसवलेली असतात, ती जोडी घरी उघडण्याच्या मी ठाम विरोधात आहे. ते काम स्प्रिंग दाबण्याच्या योग्य साधनाशिवाय करूच नये.

वरचा नट सोडताना दांडीही त्याच्याबरोबर फिरू लागते. तिच्या टोकाला दोन सपाट बाजू असतात, त्यांना लहान पाना लावून दांडी धरायची आणि दुसऱ्या पान्याने नट फिरवायचा. जुनी दांडी पाईप पान्याने धरली तरी चालेल, ती भंगारातच जाणार आहे. नव्या दांडीच्या चमकत्या भागाला पकडीचा दातही लागू द्यायचा नाही, त्या एका ओरखड्यातून सील पहिल्याच हंगामात फाटते. खालचे दोन बोल्ट निघाले की शॉकप आर्मच्या छिद्रातून खाली ओढून काढता येतो. नवा त्याच वाटेने वर सरकवला, गुटके आणि वायसर जुन्यांच्याच क्रमाने ठेवले. हा क्रम मी काढतानाच फोनवर टिपून ठेवला होता, कारण वाटीची तोंडे उलटी झाली तर रबर लवकर कापले जाते. वरचा नट आवळण्याचे माप डोळ्यांनी समजते: रबर दबून वायसरच्या कडेइतके रुंद झाले की थांबावे. त्यापुढे आवळत राहिलो तर रबर चपटे होऊन मरते आणि धक्का सरळ बॉडीला जातो. खालचे बोल्ट आणि मागचे नट टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला आवळले. टॉर्क पाना मी गावातल्या ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून एका दिवसापुरता आणला होता. अशा रचनेत शॉकप बदलल्याने चाकांचे अलाइनमेंट बिघडत नाही, कारण चाकाची दिशा धरणारा एकही जोड आपण सोडलेला नसतो.

सकाळी सातला सुरू केलेले काम दुपारी दीडला संपले. त्यातला निम्मा वेळ गंजाने घेतला. शेवटी प्रत्येक नटावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या ऑईलपेंटची एक सरळ रेघ ओढली, म्हणजे नट पुढे ढिला झाला तर रेघ सरकलेली दिसते. जुने शॉकप भंगारवाल्याला देताना त्याला बजावून सांगितले की हे गॅस कटरने कापू नकोस, आत दाब असू शकतो. आणि एकातून गळणारे तेल बांधावर किंवा विहिरीजवळ न ओतता डब्यात भरून मित्राकडच्या जळक्या ऑईलच्या पिंपात टाकले.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, त्याच शिवारवाटेवर. ओढ्याच्या उताराला जिथे आडव्या नाळ्या पडल्या आहेत तिथे मागून जो खडखडाट येत असे तो आता एकेका नाळीला एकच ठोका होऊन थांबत होता. गाडी मऊ झाली असे मी म्हणणार नाही, उलट पहिल्या क्षणी ती थोडी ताठच वाटली. धक्का बसतो, पण तो तिथेच संपतो, पुढच्या धक्क्यात मिसळत नाही. पक्क्या रस्त्यावर ताशी 40 च्या वेगाने ब्रेक लावून पाहिला. तोंड खाली घालण्याची तिची सवय कमी झाली होती आणि मागची चाके सरळ रेषेत थांबली. टायरांचा घुमल्यासारखा आवाज मात्र गेला नाही, कारण एकदा पडलेले चट्टे शॉकपने भरून निघत नाहीत. ते टायर मी आता पुढेमागे बदलून वापरतो आहे आणि त्यांचे आयुष्य जे कमी झाले ते झालेच.

त्याच आठवड्यात पन्नास घड भरले, सुमारे अकराशे किलो. पानांची गादी तीच, मजूर तेच, वाट तीच. ट्रकजवळ व्यापाऱ्याच्या माणसाने पाच-सहा घड उलटले, बाहेरच्या फण्यांवरून बोट फिरवले आणि काही न बोलता पुढचा घड वर द्यायला सांगितले. त्या मजुरांना मी दुपारी चहाच्या वेळी मागच्या वेळच्या बोलण्याबद्दल माफ करा म्हणालो. पाचव्या दिवशी, साधारण तीनशे किलोमीटर झाल्यावर, टॉर्क पाना पुन्हा मागून आणला आणि गाडीखाली गेलो. सात ठिकाणी पांढरी रेघ जशीच्या तशी जुळलेली होती. मागच्या उजव्या वरच्या नटावर ती काडीभर सरकली होती. तो नट गाडी चाकांवर उभी असतानाच पुन्हा मापात आवळला, जुनी रेघ पुसली आणि नवी ओढली.